मोशन कंट्रोल ॲक्सेसरी: किंमत कशी ठरवायची, बाजार कसा जोखायचा

२०१० च्या शेवटी अमेरिकेतल्या दुकानांत हात-पाय हलवून व्हिडिओ गेम खेळायच्या वस्तूंची दोन नवी खोकी शेजारी शेजारी लागली. सोनीचा प्लेस्टेशन मूव्ह कंट्रोलर ४९.९९ डॉलरला आणि मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट १४९.९९ डॉलरला. नुसतं लेबल वाचलं तर मूव्ह एक तृतीयांश किमतीत मिळतोय असं वाटावं. पण मूव्ह चालायला टीव्हीजवळ प्लेस्टेशन आय कॅमेरा लागतो. कॅमेरा, एक कंट्रोलर आणि एक गेम यांचं बंडल ९९.९९ ला होतं. दुसऱ्या खेळाडूसाठी आणखी ४९.९९, म्हणजे झाले १४९.९८. त्यात दोघांनाही डाव्या हातात वेगळा नेव्हिगेशन कंट्रोलर हवा असेल तर प्रत्येकी २९.९९, आणि बेरीज २०९.९६ वर जाते. कायनेक्टच्या खोक्यात शरीराची हालचाल टिपणारा कॅमेऱ्याचा सेन्सरही होता, गेमही होता. दोघं टीव्हीसमोर उभे राहिले की खेळ सुरू.

मोशन कंट्रोल ॲक्सेसरीच्या किमतीवर बोलताना बहुतेक जण खोक्यावरच्या आकड्यापाशी थांबतात. खरा आकडा निराळा आहे: घरातल्या दोन माणसांनी पहिला डाव खेळेपर्यंत एकूण किती पैसे जातात? आणि बाजार किती मोठा, हे कन्सोल (टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं) किती विकले गेले यापेक्षा तेवढे पैसे घालवायला किती घरं तयार होतील यावर ठरतं. तुम्ही अशी वस्तू बनवणार असाल, आयात करून विकणार असाल किंवा कुणाच्या प्रकल्पात पैसे गुंतवणार असाल, तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने तपासा. पहिल्या दोन पायऱ्या कागद-पेन्सिलवर होतात. तिथेच प्रकल्प कोसळला तर पुढचा खर्च वाचतो.

पायरी १: वस्तू कोणत्या जातीची आहे ते ठरवा

हातात धरायचा कंट्रोलर, टीव्हीसमोरचा कॅमेरा, पायाखालचा फळा आणि ज्यात इलेक्ट्रॉनिक्सच नाही असं प्लॅस्टिकचं कवच (रॅकेट, स्टिअरिंग, रिंग) या चार जातींचं अर्थकारण वेगवेगळं आहे.

हातातला कंट्रोलर प्रत्येक खेळाडूमागे एक विकला जातो. म्हणून पहिली विक्री स्वस्तात करून दुसऱ्या-तिसऱ्या नगावर कमावता येतं. निन्टेन्डोचा वी हा कन्सोल त्याचं ठळक उदाहरण. २००६ साली अमेरिकेत कन्सोल २४९.९९ डॉलरला आला, सोबत एक रिमोट, एक नंचक (दुसऱ्या हातात धरायचा जोड) आणि वी स्पोर्ट्स हा गेम. पुढचा रिमोट ३९.९९, नंचक १९.९९. चार जणांना टेनिस खेळायचं तर आणखी तीन रिमोट, म्हणजे ११९.९७ डॉलर. कन्सोलच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे ॲक्सेसरीतून आले. त्या रिमोटच्या आत होतं काय? हालचालीचा वेग-बदल मोजणारा एक ॲक्सेलरोमीटर, पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा आणि ब्लूटूथ. टीव्हीवर ठेवायच्या ‘सेन्सर बार’मध्ये तर सेन्सरच नव्हता, दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी होते. पाहण्याचं काम रिमोट करायचा. महागडा भाग कुठे ठेवायचा आणि स्वस्त भाग कुठे, याचा इतका हुशार निर्णय या धंद्यात क्वचितच झाला असेल.

कॅमेरा घरात एकदाच येतो. सगळी कमाई पहिल्या विक्रीत करावी लागते, म्हणून त्याची किंमत चढी राहते. फळ्याचंही तसंच: वी फिट बॅलन्स बोर्डासह अमेरिकेत ८९.९९ डॉलरला आलं. प्लॅस्टिकच्या कवचात भांडवल थोडं लागतं, पण नक्कल करणारेही आठवड्याभरात उभे राहतात.

पायरी २: पहिल्या डावाचा खर्च मांडा

एका कागदावर तीन रकाने करा: कन्सोल आधीच असलेलं घर, कन्सोल नवीन घेणारं घर आणि दुसरा खेळाडू जोडणारं घर. प्रत्येकात सगळं लिहा. बॅटरी, चार्जर, गेम, कॅमेरा, ॲडॅप्टर, वर्गणी असेल तर वर्गणीही. अमेरिकेतल्या किमती विक्रीकर सोडून छापतात आणि अनेक देशांत कर धरून, त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी कर एकसारखा करा.

मग हाच हिशेब प्रतिस्पर्ध्यासाठी करा. इथे एक प्रतिस्पर्धी हमखास विसरला जातो: खिशातला फोन. जस्ट डान्ससारख्या गेमनी पुढे फोनचं ॲपच कंट्रोलर म्हणून वापरू दिलं. ज्या खेळात नुसती हाताची लय मोजायची आहे, तिथे तुमच्या ४० डॉलरच्या वस्तूची लढाई शून्य किमतीशी आहे. फोन हातातून निसटण्याची भीती, मनगटाचा पट्टा, अचूकता यांसाठी लोक किती जास्त देतील हे प्रामाणिकपणे लिहा.

जागासुद्धा खर्चच आहे. पहिल्या कायनेक्टसाठी एका खेळाडूला सुमारे ६ फूट आणि दोघांना सुमारे ८ फूट अंतर सांगितलेलं होतं. टीव्ही आणि पलंग यांच्यात तेवढी जागा नसेल तर त्या घराला वस्तू फुकट दिली तरी उपयोग नाही.

पायरी ३: दुकानातल्या किमतीवरून मागे मागे या

नवखा उत्पादक सुट्या भागांची बेरीज करतो, वर नफा चढवतो आणि त्याला किंमत म्हणतो. अनुभवी माणूस आधी दुकानातली किंमत ठरवतो आणि मागे चालत कारखान्यापर्यंत येतो. कायनेक्टची उकल करून आयसप्लाय या विश्लेषण कंपनीने त्यातल्या सुट्या भागांची किंमत सुमारे ५६ डॉलर धरली होती. तेव्हा अनेकांनी “१५० ला विकतात म्हणजे ९४ डॉलर नफा” असं लिहून टाकलं. तो नफा नव्हे. मध्ये काय काय निघून जातं ते एका काल्पनिक वस्तूवर पाहू. टक्के तुमच्या व्यवहाराप्रमाणे बदला.

दुकानात किंमत ६० डॉलर, कर सोडून. दुकानदाराचे ३० टक्के, म्हणजे १८ गेले, उरले ४२. वितरकाने त्यावर १० टक्के घेतले, उरले ३७.८०. कन्सोल कंपनीच्या परवान्याचे ३ डॉलर धरले तर ३४.८०. परत आलेला माल आणि वॉरंटी यांसाठी वितरकाकडून मिळालेल्या रकमेच्या ५ टक्के बाजूला ठेवले, साधारण १.९०, उरले ३२.९०. जाहिरात आणि दुकानातला डेमो यांचे ५, वाहतूक, पॅकिंग, गोदाम यांचे ३.९०. हातात राहिले २४ डॉलर.

सुटे भाग, जुळणी आणि तपासणी मिळून नग १५ डॉलरला पडत असेल तर नगामागे ९ डॉलर सुटतात. यातून साचे, फर्मवेअर (वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि रेडिओ-सुरक्षा चाचण्यांची प्रमाणपत्रं असा एकदाच होणारा खर्च भरून काढायचा. तो ३,६०,००० डॉलर असेल तर ४०,००० नग विकल्यावर तुम्ही शून्यावर आलात. २०,००० वरच गाडी अडली तर १,८०,००० डॉलरचा खड्डा.

आता खरी गंमत. माल उठत नाही म्हणून किंमत ६० वरून ४५ केली. वरचाच हिशेब पुन्हा करा: दुकानदार आणि वितरक वजा जाऊन २८.३५, मग परवाना, वापसी, जाहिरात, वाहतूक. हातात राहतात सुमारे १५.०३. नग पडतो १५ ला. ग्राहकाला पंचवीस टक्के सूट दिली आणि तुमच्याकडे उरले तीन सेंट! शिवाय जुन्या भावात माल उचललेले दुकानदार फरकाची भरपाई मागतात, ती वेगळीच. म्हणून किंमत पहिल्या दिवशी ठरवतानाच सुटीतली किंमत आणि गाशा गुंडाळतानाची किंमत असे आणखी दोन आकडे लिहून ठेवा. कायनेक्ट १४९.९९ वरून २०१२ मध्ये १०९.९९ वर आला. मायक्रोसॉफ्टला ते झेपलं, कारण त्यांचं उरलेलं उत्पन्न गेम आणि ऑनलाइन वर्गणीतून येत होतं. तुमच्याकडे तो दुसरा खिसा नसेल तर त्यांच्या सुटीची नक्कल करू नका.

विक्रीनंतरचा खर्चही याच हिशेबात. वी बाजारात आला आणि काही आठवड्यांतच मनगटाच्या पट्ट्याची दोरी तुटून रिमोट टीव्हीवर आदळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. दोरी होती ०.६ मिलिमीटर जाडीची, ती १ मिलिमीटर करावी लागली, आणि डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने लाखो ग्राहकांना पट्टे मोफत बदलून द्यायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी रिमोटला सिलिकॉनचं कवच आलं, तेही जुन्या ग्राहकांना फुकट. दोरीत वाचवलेले पैसे काही सेंटच असतील. माणूस जी वस्तू जोरात फिरवणार आहे तिचा पट्टा, पकड आणि बॅटरीचं झाकण यांवर कंजुषी करू नका. वापसीची ५ टक्के तरतूद या तीन ठिकाणीच खलास होते.

पायरी ४: बाजार मोजताना गाळणी लावा

कन्सोलची विक्री म्हणजे तुमचा बाजार नव्हे. दर शंभर कन्सोलमागे किती ॲक्सेसरी विकल्या गेल्या, तो अटॅच रेट. जाहीर आकड्यांवरून दोन उदाहरणं काढता येतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे ७ कोटी ६० लाख आणि कायनेक्टचे २ कोटी ४० लाख नग सांगितले. म्हणजे साधारण ३२ टक्के. नोव्हेंबर २०१२ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चे ७ कोटी आणि मूव्हचे दीड कोटी सांगितले. वरवर २१ टक्के. पण मूव्ह हा हातातला कंट्रोलर, अनेक घरांत दोन. सरासरी दीड धरला तर घरं होतात एक कोटी, आणि प्रमाण १४ टक्क्यांवर उतरतं. कॅमेऱ्याचा आणि कंट्रोलरचा अटॅच रेट एकाच तक्त्यात शेजारी ठेवणारे अहवाल दिसले की आधी हे तपासा.

दुसरी खबरदारी: रवाना झालेला माल आणि विकलेला माल. सोनीने पहिल्या दोन महिन्यांत मूव्हचे ४१ लाख नग सांगितले ते दुकानांकडे गेलेले. दुकानाच्या फळीवरचा माल ग्राहकाच्या घरी पोहोचलेला नसतो, आणि तो परतही येऊ शकतो.

हे आकडे कन्सोल कंपनीच्या स्वतःच्या वस्तूंचे आहेत. त्यांच्यामागे बंडल, टीव्हीवरच्या जाहिराती, स्वतःचे गेम असतात. बाहेरच्या उत्पादकाने गाळणी अशी लावावी. समजा कन्सोल २ कोटी घरांत आहे. तुमचा माल पोहोचतो त्या देशांत त्यातली ४० टक्के घरं, म्हणजे ८० लाख. तुमची वस्तू ज्या गेमला लागते तो १० टक्के घरांत आहे, म्हणजे ८ लाख. त्यातल्या वीसात एकाने कन्सोल कंपनीची वस्तू सोडून तुमची घेतली तर ४०,०००. वरच्या हिशेबात शून्यावर येण्याचा आकडा हाच होता. दोन कोटींचा बाजार पाहून निघालेला माणूस नफ्यातोट्याच्या रेषेवर उभा राहतो. शेवटची गाळणी अर्ध्याने चुकली, वीसऐवजी चाळीसात एक, की तोटा.

पायरी ५: गेम मोजा, आश्वासनं नकोत

वस्तू गेमवर जगते. १९८९ साली मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी पॉवर ग्लव्ह हा हातमोजा काढला, नाव प्रचंड झालं. त्याच्यासाठीच म्हणून बाजारात आलेले गेम मात्र दोन. बाकी जुन्या गेमवर तो कसाबसा चालवायचा. “अमुक स्टुडिओ रस दाखवतोय” हे वाक्य हिशेबात शून्य धरा. पहिल्या दिवशी खोक्यात किंवा दुकानात असलेला गेम एक, आणि पुढच्या सहा महिन्यांत तारीख जाहीर झालेला गेम अर्धा, अशी मोजणी मला पटते.

गेम खोक्यातच द्यावा का? माझं मत: पहिला गेम बहुतेक वेळा द्यावाच. वी स्पोर्ट्स जपानबाहेर बहुतेक ठिकाणी कन्सोलसोबत मिळाला, आणि रिमोट फिरवल्यावर काय होतं हे कुणाला शिकवावं लागलं नाही. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलसाठीचा २०१९ चा व्यायामाचा गेम रिंग फिट ॲडव्हेंचर पाहा. ७९.९९ डॉलरमध्ये गेम, रिंग आणि मांडीचा पट्टा. हालचाल मोजणारे सेन्सर ग्राहकाकडे आधीच असलेल्या जॉय-कॉनमध्ये (स्विचच्या कंट्रोलरमध्ये), रिंगमध्ये फक्त दाब-ताण मोजायची सोय. महागडा भाग आधीच विकलेला आणि खोक्याची किंमत गेम धरून वाजवी. दीड कोटीच्या वर विक्री गेली. २०२० च्या टाळेबंदीत तर हे खोकं मिळेनासं झालं आणि फेरविक्रीत चढ्या भावाने गेलं. तो भाव पाहून ज्यांनी बाजाराचा अंदाज बांधला असेल, त्यांनी जिममध्ये जायची बंदी हा बाजाराचा कायमचा गुण समजला.

सक्ती मात्र वेगळी गोष्ट. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन कायनेक्टसकट ४९९ डॉलरला आला आणि प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. शंभर डॉलरचा फरक ज्यासाठी होता ते ज्यांना नको होतं, त्यांनाही भरावं लागत होतं. जून २०१४ मध्ये कायनेक्टशिवाय ३९९ चा एक्सबॉक्स आला, आणि त्या महिन्यात अमेरिकेतली विक्री मेच्या दुपटीहून जास्त झाल्याचं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. त्याच दिवशी कायनेक्टसाठी गेम लिहिणाऱ्यांचा पाया सुटला, कारण पुढच्या प्रत्येक घरात तो असेल याची खात्री संपली.

पायरी ६: कन्सोलचं उरलेलं आयुष्य

कन्सोल कितव्या वर्षात आहे? मूव्ह आणि कायनेक्ट दोन्ही आपापल्या कन्सोलच्या मध्यावर आले. बाजारात कोट्यवधी कन्सोल होते हा फायदा, पण पुढचा कन्सोल येईपर्यंतचीच मुदत.

बाहेरच्या उत्पादकाला घड्याळ आणखी वेगाने धावतं. २००९ मध्ये वी मोशनप्लस हा जायरोस्कोपचा (वळण मोजणाऱ्या सेन्सरचा) जोड १९.९९ डॉलरला आला. २०१० च्या शेवटी तोच जायरो रिमोटच्या आत बसवून निन्टेन्डोने वी रिमोट प्लस काढला, किंमत तीच ३९.९९. जोडाची नक्कल करणाऱ्यांना जेमतेम दीड वर्ष मिळालं. तसंच २०२५ च्या स्विच २ चं. नवे जॉय-कॉन आकाराने मोठे आणि चुंबकाने चिकटणारे असल्यामुळे जुन्या मापाची कवचं त्यांना बसत नाहीत, आणि रिंग फिट खेळायला पहिल्या स्विचचेच जॉय-कॉन लागतात. साचा बनवायला टाकण्याआधी विचारा: कन्सोलचा पुढचा अवतार मापाने बदलला तर हा साचा भंगारात जाईल का?

कन्सोल कंपनीने दार बंद केलं तर काय होतं, तेही कायनेक्टने दाखवलं. २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. नव्या एक्सबॉक्सवर तो जोडायला लागणारा ३९.९९ डॉलरचा ॲडॅप्टरही लवकरच बंद झाला. सेन्सर धडधाकट, तो लावायला तार नाही.

पायरी ७: किती माल मागवायचा

याची धोक्याची पाटी म्हणजे टीएचक्यू या गेम कंपनीची यूड्रॉ टॅबलेट. चित्रं काढायची ही पाटी २०१० मध्ये वीवर चांगली खपली. तिथे तिचं गिऱ्हाईक लहान मुलं आणि कुटुंबं. त्या यशाच्या जोरावर २०११ मध्ये ती प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी ७९.९९ डॉलरला काढली आणि नाताळासाठी माल भरला. त्या कन्सोलसमोर बसणारं गिऱ्हाईक वेगळं होतं. माल पडून राहिला, उत्पन्न अपेक्षेपेक्षा सुमारे १० कोटी डॉलरने घसरलं, आणि २०१२ च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुखणी आणखीही होती, पण हा घाव मोठा होता.

पहिली बॅच शून्यावर येण्याच्या आकड्याच्या निम्म्याहून मोठी ठेवू नका, नग थोडा महाग पडला तरी चालेल. दुसरी बॅच दुकानाच्या ऑर्डरवरून ठरवायची नाही. गल्ल्यावर झालेली विक्री दर आठवड्याला मागा. सणाच्या हंगामातली विक्री वगळून, त्यानंतरच्या सहा आठवड्यांत नग कसे गेले तो आकडा पाहा.

आजचा बाजार कुठे आहे

हालचाल ओळखणारा सेन्सर आता वेगळा विकायची वस्तू राहिलेला नाही. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोच्या कंट्रोलरमध्ये तो आतच येतो, एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये मात्र अजून जायरो नाही. त्यामुळे नुसता “आणखी एक हलवायचा कंट्रोलर” घेऊन उतरण्यात मला दम वाटत नाही.

जागा उरलीय ती दुसरीकडे. व्यायाम आणि फिजिओथेरपीत वस्तूची तुलना गेमशी न होता उपकरणाशी होते, म्हणून चढी किंमत चालते. पण तिथे अचूकतेचे दावे सिद्ध करावे लागतात. कायनेक्टचा दुसरा जन्म असाच झाला. २०१० मध्ये ॲडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्याचा मुक्त ड्रायव्हर (तो संगणकाला जोडून वापरता येईल असं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्याला बक्षीस लावलं, ते ३,००० डॉलरपर्यंत वाढवलं आणि काही दिवसांत ते जिंकलंही गेलं. रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांनी तो उचलला, आणि २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विंडोजसाठीचा कायनेक्ट २४९ डॉलरला काढला. तंत्रज्ञान त्याच घराण्यातलं, गिऱ्हाईक बदललं आणि किंमत शंभराने चढली.

दुसरी जागा लहान मुलांच्या घरातली. नेक्स प्लेग्राउंडसारखं छोटं कॅमेऱ्याचं यंत्र काही गेम सोबत देतं आणि बाकीचे वर्गणीवर. इथे पहिल्या डावाचा खर्च काढताना वर्षभराची वर्गणी धरलीच पाहिजे, आणि दुसऱ्या वर्षी किती घरं वर्गणी चालू ठेवतील हा एकच आकडा सगळ्या प्रकल्पाची किंमत ठरवतो.

उरली कवचं, पट्टे, चार्जिंग स्टँड, पकडी. यांत नफा नगामागे थोडा, जोखीमही थोडी. नवा कन्सोल आल्यानंतरचे पहिले काही महिने यांचे, पुढे नकला येऊन भाव पडतात. म्हणून माप हाती येताच साचा तयार हवा आणि भाव पडायला लागताच पुढची बॅच थांबायला हवी. वॉरंटीची मुदत संपेपर्यंत पुरतील एवढे पट्टे, बॅटरीची झाकणं आणि तारा मात्र शेवटच्या बॅचमध्येच जादा मागवून ठेवा. नंतर तेवढ्यासाठी कारखाना पुन्हा यंत्र लावत नाही.